घरच्या रुग्णासाठी हॉइस्ट घेताय? आधी पलंगाखाली वाकून बघा

सर्जिकल सामानाच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "पेशंटचं वजन किती?" विचारायला हवाच, पण तो पहिला प्रश्न नव्हे. बाजारात मिळणारे बहुतेक हॉइस्ट, म्हणजे रुग्णाला झोळीत किंवा पट्ट्यात घेऊन उचलणारी यंत्रं, दीडशे किलो किंवा त्याहून जास्त वजन उचलतात, आणि आपल्या आईचं वजन पंचावन्न असतं. उचलण्यात यंत्र सहसा कमी पडत नाही. ते अडतं पलंगाच्या खाली आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी. मग महागाचं यंत्र गॅलरीत उभं राहतं, त्यावर टॉवेल वाळत पडतात आणि घरातली माणसं पुन्हा काखेत हात घालून उचलायला लागतात.

काखेत हात घालून उचलणं दोघांनाही महागात पडतं. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली रुग्णाला हातांनी उचलण्याची जी मर्यादा सुचवली, ती आहे ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो. तीही सगळी परिस्थिती अनुकूल असताना. साठ किलोच्या माणसाचा एक पायच दहा किलोच्या आसपास भरतो. आता उचलणारी व्यक्ती सत्तरीची, गुडघे दुखणारी बायको असेल तर हिशोब तुम्हीच करा. शिवाय पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा असा ओढला की निखळू शकतो, आणि हाडं ठिसूळ झालेल्या बाईंच्या बरगड्यांना ते जोर सोसत नाहीत.

आधी प्रवास ठरवा

कागद घ्या आणि रुग्णाला दिवसभरात कुठून कुठे हलवावं लागतं ते लिहून काढा. पलंगावरून कमोडवर. कमोडवरून परत. पलंगावरून व्हीलचेअरवर. अंघोळीला. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी किंवा फिजिओसाठी गाडीत. प्रत्येक प्रवासापुढे लिहा की त्या वेळी घरात कोण असतं. सकाळी मुलगा आणि सून दोघं असतात, पण दुपारी तीनला फक्त ब्युरोकडून आलेल्या मावशी असतात, आणि रात्री दोनला फक्त बाबा. साधन निवडायचं ते रात्री दोनच्या बाबांसाठी. सकाळच्या दोन धडधाकट माणसांना कसंही जमतं.

या यादीतून बरेचदा एक गोष्ट उघड होते: खरा त्रास एकाच प्रवासाचा असतो, पलंग ते कमोड. तो सोडवला की बाकीचं निभतं. म्हणून "सगळ्यासाठी एकच यंत्र" शोधू नका.

रुग्णाला स्वतःला काय जमतं?

तीन गोष्टी पाहायच्या. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून आधाराशिवाय बसता येतं का? निदान एका पायावर काही क्षण भार घेता येतो का? आणि "आता पुढे वाका", "दांडा धरा" हे सांगितलेलं समजून करता येतं का?

ही तपासणी दिवसातून एकदा करून भागत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला गोळी घेतल्यावर तासाभरात चालता येतं आणि पुढच्या गोळीच्या आधी तोच माणूस जागच्या जागी थिजतो. स्मृतिभ्रंश असलेले आजोबा सकाळी शहाण्यासारखं वागतात आणि संध्याकाळी झोळी ओढून काढायला बघतात. दिवसातल्या सगळ्यांत वाईट वेळेला काय जमतं, तेच उत्तर धरा.

हे ठरवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा योग्य माणूस. घरी येऊन बघणारा मिळाला तर उत्तमच. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट सगळ्यांना माहीत असतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट मात्र क्वचित आठवतो. खरं तर या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. घरातली रोजची कामं रुग्णाला कशी जमतील हेच या लोकांचं शास्त्र, आणि त्यांच्या एका भेटीची फी चुकीच्या खरेदीपेक्षा नक्कीच कमी असते.

टेप घेऊन घर मोजा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचीही.

सुरुवात पलंगापासून. जमिनीवर चालणाऱ्या हॉइस्टला पुढे दोन लांब पाय असतात आणि उचलताना ते पलंगाखाली सरकवावे लागतात. त्यासाठी पलंगाखाली चार ते पाच इंच मोकळी जागा हवी. पाच-सहा असेल तर निवांत. आता आपल्या घरातला पलंग आठवा. बॉक्सचा पलंग, खाली गाद्या, रजया आणि लग्नातली भांडी, आणि लाकूड थेट फरशीला टेकलेलं. दिवाणाचंही तेच. या पलंगाशी हॉइस्ट जुळवता येत नाही. पलंगाखाली ठोकळे ठेवून तो उंच करायची युक्ती पायांच्या पलंगाला चालते, बॉक्सला नाही. म्हणजे हॉइस्टच्या आधी पलंग बदलावा लागतो.

पलंग बदलायचाच असेल तर तीन फूट रुंदीचा, वर-खाली होणारा हॉस्पिटल बेड घ्या. याचा हिशोब साधा आहे. दहा फुटी खोलीत सहा फुटी डबल बेड भिंतीला लावला की उरतात चार फूट. त्यात हॉइस्ट, व्हीलचेअर आणि माणूस वळत नाहीत. तीन फुटी बेड लावला की सात फूट मिळतात. व्हीलचेअर पूर्ण वळवायला साधारण पाच फूट लांब, पाच फूट रुंद जागा लागते, ती यात बसते. कपाटाचं दार आणि टेबलाचा कोपरा मात्र मोजणीत धरा. एकत्र झोपायची चाळीस-पन्नास वर्षांची सवय मोडणार म्हणून घरात यावर कुरबूर होते, ती समजून घ्या. दुसरी कॉट शेजारीच लावता येते, फक्त हॉइस्टची बाजू मोकळी ठेवा.

पलंगाखाली मोटार किंवा आडवे दांडे असतील तर तेही बघा. जागा सहा इंच असली तरी मधोमध लोखंडी पट्टी आडवी आली की पाय तिथेच थांबतात. वर हवेची गादी असेल तर एकूण उंची मोजा. हॉइस्टचा हात रुग्णाला गादीच्या वर किमान वीतभर तरी उचलू शकला पाहिजे.

मग दारं. चौकट अडीच फुटांची असते, पण दार उघडून उभं राहिलं की बिजागरीच्या बाजूला त्याची जाडी आत येते. म्हणून दार पूर्ण उघडून, मधली मोकळी जागा मोजा. बाथरूमचं दार बहुधा सगळ्यांत अरुंद. त्यात उंबरा, आणि आतली फरशी खोलीपेक्षा इंच-दीड इंच खाली. हॉइस्टची पुढची चाकं लहान असतात, ती उंबऱ्यावर चढत नाहीत. आणि चढवायचीही नाहीत: रुग्ण झोळीत लटकत असताना हॉइस्टने उंबरा ओलांडणं म्हणजे तो उलटवण्याची सोय. हॉइस्ट हा पलंगावरून शेजारच्या खुर्चीवर नेण्यासाठी असतो, घरभर फिरवण्यासाठी नाही. बाथरूमपर्यंतचा प्रवास चाकांच्या कमोड खुर्चीवरून करायचा, आणि त्यासाठी उंबऱ्याला छोटा उतार करून घ्यायचा. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. मात्र पाणी बाहेर येणार नाही इतपत आतल्या बाजूला उतार आणि जाळी हवी.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोड बसवण्याचा खर्च आधी मोजा. भाड्याचं घर असेल तर भांड्याची कमोड खुर्ची पलंगाशेजारी ठेवून काम चालवा.

आता साधन

*रुग्ण थोडा भार घेतो, बसतो, समजतो.* अशा वेळी यंत्राची घाई नको. कमरेला बांधायचा रुंद ट्रान्सफर बेल्ट, पलंगाला धरायचा दांडा, कमोडची उंची वाढवणारी सीट आणि भिंतीत घट्ट बसवलेले पकडदांडे, एवढ्यावर पुष्कळ भागतं. व्हीलचेअरचा हात निघत असेल तर पलंग आणि खुर्ची यांच्यात गुळगुळीत फळी टाकून सरकताही येतं. गाडीच्या सीटवर मोठी प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर पाय आत घेताना माणूस सहज वळतो. गाडी निघण्याआधी पिशवी काढायची.

*एका पायावर उभं राहता येतं, पण उठता येत नाही.* यासाठी उभं करणारा हॉइस्ट असतो. पाठीमागून पट्टा, नडगीला टेकू, हाताने दांडा धरायचा आणि यंत्र पुढे-वर ओढून उभं करतं. संडासासाठी हा फार सोयीचा, कारण उभं असताना कपडे खाली-वर करता येतात. पण सूचना न समजणाऱ्या किंवा दांडा न धरणाऱ्या माणसाला यात अडकवू नका.

*बसतो, पण भार घेत नाही.* गेल्या काही वर्षांत मागून दोन भागांत उघडणारी ट्रान्सफर खुर्ची आपल्याकडे खूप विकली जाते. सीटचे दोन भाग दोन्ही बाजूंनी रुग्णाखाली सरकवायचे, जोडायचे, हँडल फिरवून किंवा पंपाने उंच करायचं आणि ढकलत न्यायचं. कमोडच्या वर तशीच नेता येते, झोळीची गरज नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ही बरेचदा हॉइस्टपेक्षा कामाची ठरते. मात्र खुर्चीचे पाय पलंगाखाली किती जातात, तुमच्या कमोडच्या दोन्ही बाजूंना तिची रुंदी बसते का आणि सीट कमोडच्या वरून जाते का, हे मोजून घ्या. धड एका बाजूला कलंडणाऱ्या, मान न सावरणाऱ्या रुग्णासाठी ती नाही, पट्टा लावला तरी नाही.

*काहीच जमत नाही.* इथे पूर्ण झोळीचा हॉइस्ट लागतो. हायड्रॉलिक स्वस्त, विजेवर अवलंबून नाही, पण दर वेळी पंप मारावा लागतो आणि जुना झाला की तेल गळतं. बॅटरीचा महाग, पण म्हाताऱ्या हातांना झेपतो. घर सांभाळणारी व्यक्ती साठीच्या पुढची असेल तर बॅटरीचाच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. वीज जाण्याची भीती बाळगायचं कारण नाही. रोज रात्री चार्जिंगला लावला की दिवसभराचं काम होतं. पण बॅटरी संपली तर माणसाला हाताने खाली उतरवायची सोय आणि यंत्र जागीच थांबवणारं लाल बटण कुठे आहे, ते दुकानातच स्वतः करून बघा.

छताला रूळ बसवून चालणारा हॉइस्ट सगळ्यांत सुखाचा, फरशीवर काही नाही, जोर नाही. पण पत्रा, कौलं किंवा माळवद असेल तर विषय संपला, आणि आरसीसी स्लॅब असला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय खिळा ठोकू नका. पीओपीच्या खोट्या छताला तर हे वजन टांगायचंच नाही. शिवाय खोलीच्या मधोमध पंखा असतो, तो हलवावा लागतो. भिंतीला हात न लावता उभी राहणारी चौकटही मिळते, पलंगाच्या दोन्ही बाजूंना खांब आणि वर दांडा, पण तिलाही जागा लागते.

झोळीला वेळ द्या

यंत्रावर लोक दहा दिवस घालवतात आणि झोळी "जी सोबत येते ती" घेतात. रुग्णाच्या अंगाला यंत्र लागत नाही, झोळी लागते. ती मोठी झाली की माणूस खालून घसरतो, लहान झाली की मांडीत कापते.

लांबी मोजायची माकडहाडापासून वर: मान सावरणाऱ्याला खांद्यापर्यंत, न सावरणाऱ्याला डोक्याच्या टाळूपर्यंत. एका कंपनीची मध्यम म्हणजे दुसरीची मध्यम नव्हे आणि कडेच्या पट्टीचे रंगही सारखे नसतात, म्हणून तक्ता मागा. मांडीखाली दोन पट्टे जाणारी, यू आकाराची झोळी रोजच्या कामाला सगळ्यांत सोपी, बसलेल्या माणसालाही घालता-काढता येते. संडासासाठी मोठ्या उघड्या भागाची वेगळी झोळी असते. तिच्यात आधार कमी, म्हणून धड सावरणाऱ्यालाच. अंघोळीला जाळीची. अंगाखाली दिवसभर झोळी ठेवून देऊ नका, चुण्यांनी पाठीला जखमा होतात.

झोळीच्या टोकांना यंत्राच्या दांड्यात अडकवायचे वेगवेगळ्या रंगांचे फासे असतात, रंगागणिक लांबी वेगळी. खांद्याचे आखूड आणि पायाचे लांब लावले की माणूस ताठ बसतो, उलट लावले की आडवा होतो. खुर्चीत बसवायचं तर ताठ, पलंगावर ठेवायचं तर थोडं आडवं. दोन्ही बाजूंना एकच रंग हवा. एकदा तुमच्या माणसाला जुळलेले रंग ठरले की ते कागदावर ठसठशीत मराठीत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा: "खांदा – हिरवा, पाय – निळा." मावशी बदलतात, कागद राहतो. कंपनी वेगळी असेल तर झोळी आणि यंत्र एकमेकांना चालतं का, हे लेखी विचारा. फाशाची झोळी क्लिपच्या यंत्राला लागत नाही.

आणि एक, जे माहितीपत्रकात नसतं. साडी नेसणाऱ्या बाईंना झोळीत घातलं की निऱ्या मांड्यांत गोळा होतात, पदर अडकतो, पाय उघडे पडतात, आणि त्या "मला नको ते यंत्र" म्हणून हट्ट धरतात. हट्ट यंत्राचा नसतो, लाजेचा असतो. मागून पूर्ण उघडणारा गाऊन आणि उचलताना मांडीवर एक पातळ चादर, एवढ्याने विरोध पुष्कळ निवळतो. पहिल्यांदा उचलताना घरातली बाकीची माणसं दारात उभी राहून बघत नसतील याचीही काळजी घ्या.

घ्यायचं की भाड्याने?

पक्षाघातानंतर सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो. त्या काळात महागडं काही विकत घेऊ नका. आज पूर्ण झोळी लागणारा माणूस पुढे उभ्याच्या हॉइस्टवर येऊ शकतो. मुंबई-पुण्यात सर्जिकल दुकानं बेड, व्हीलचेअर आणि काही ठिकाणी हॉइस्टही भाड्याने देतात. महिनाभर वापरून मग ठरवा. झोळी मात्र भाड्याची नको, स्वतःची घ्या आणि दोन घ्या. एक धुवायला गेली की दुसरी हवीच.

जुना हॉइस्ट घेताना चाकं उलटी करून बघा. त्यांत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. ते काढले की चाक फिरतं की नाही ते कळतं. जिथे झोळीचा दांडा लटकतो तो बोल्ट झिजलाय का, पंपाभोवती तेलाचा ओलसरपणा आहे का, हे तपासा. कोकणात आणि गोव्यात खारी हवा जोडांना गंज आणते, तिथे रंगाखालचे फुगे बघा. झोळीची शिवण उसवलेली असेल किंवा लेबल वाचता येत नसेल तर ती झोळी फुकटही नको. ब्लीचमध्ये धुतलेल्या झोळीचा कपडा आतून कमजोर होतो.

दुकानदाराला एवढंच विचारा: बॅटरी, रिमोट आणि झोळी वेगळी मिळते का, आणि दुरुस्तीला माणूस माझ्या गावात किती दिवसांत येईल? तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी या उत्तरावरच निवड करावी.

वजनाचा प्रश्न राहिलाच. उभं न राहणाऱ्या माणसाचं वजन हॉस्पिटलात व्हीलचेअरच्या काट्यावर होतं. ते जमत नसेल तर गोदामातला धान्याचा सपाट काटा शोधा; खुर्चीसकट मोजा, मग रिकामी खुर्ची वजा करा.

उचलताना

पहिले काही दिवस दोघांनी मिळून उचला. आधी घरातल्या एखाद्या निरोगी माणसाला झोळीत घालून वर-खाली करा. मुलांना मजा वाटते आणि रुग्णाची भीती जाते. जेवणानंतर लगेच उचलू नका, नाकातल्या नळीने अन्न दिलं असेल तर लगेच मुळीच नाही. लघवीची पिशवी रिकामी करून, नळी मोकळी ठेवून, मूत्राशयाच्या पातळीखाली राहील अशी धरा.

रुग्णाला कुशीवर वळवा, अर्धी गुंडाळलेली झोळी पाठीला लावा, दुसऱ्या कुशीवर घेऊन उलगडा. खालची कड माकडहाडाशी. मांडीचे पट्टे आतून घेऊन एकमेकांतून ओढा. हॉइस्टचे पाय पूर्ण पसरवा. व्हीलचेअरचा आणि पलंगाचा ब्रेक लावलेला असावा. हॉइस्टचा मात्र उचलताना सहसा मोकळा ठेवतात, म्हणजे तो भाराखाली स्वतः सरळ होतो. तुमच्या यंत्राची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर पुस्तिकेचं ऐका. गादीपासून दोन बोटं वर आलं की थांबा, चारही फासे पुन्हा बघा, रुग्णाला विचारा, मगच पुढे. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर किती वाकवायचं हे सर्जनला आधी विचारा, कारण झोळीत मांड्या पोटाकडे येतात.

जिना आणि पैसा

जिन्याच्या कठड्यालगत चालणारी खुर्ची बंगल्यात उपयोगी, पण तिच्यावर स्वतः बसता-उठता आलं पाहिजे. वळणाच्या जिन्याचा रूळ त्या जिन्यापुरता बनतो, पुढे विकला जात नाही. वाड्यातल्या अरुंद, उभ्या जिन्याला तर नादच सोडा. चार मजली, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत सामाईक जिन्यावर काही बसवायचं तर सोसायटीची परवानगी आणि आगीच्या वेळची वाट, दोन्ही प्रश्न येतात. घरात छोटी लिफ्ट बसवणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या २०१७च्या उद्वाहन (लिफ्ट) कायद्याखालची परवानगी आणि तपासणी कोण करून देणार, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. बरेचदा झोपण्याची खोली खाली आणणं हाच स्वस्त इलाज असतो.

मेडिक्लेममध्ये अशी उपकरणं सहसा बसत नाहीत. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. त्यावर प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत अवलंबित व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम ८०डीडी होतं. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक वेगळा आहे, सीएला विचारा. कमी उत्पन्नाच्या घरातल्या ६५ वर्षांवरच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये मिळतात. त्यात हॉइस्ट येत नाही, कमोड खुर्ची येऊ शकते.

माणूस खाली पडला तर

सगळे हॉइस्ट जमिनीवरून उचलू शकत नाहीत, म्हणून दांडा किती खाली येतो ते घेतानाच मोजा. पण पडल्यावर लगेच झोळी आणू नका. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, किंवा हलवताच मांडीच्या सांध्यात कळ येते, अशी लक्षणं असतील तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. डोक्याला मार असेल, मान दुखत असेल, बोलणं अडखळत असेल तरीही तेच: हलवायचं नाही, काही खायला-प्यायला द्यायचं नाही, पांघरूण घालून १०८ला फोन करायचा. यातलं काही नसेल, माणूस शुद्धीवर असेल आणि हातपाय नेहमीसारखे हलत असतील, तर उशी देऊन दहा मिनिटं तिथेच विसावू द्या आणि दुसरा माणूस आला की हॉइस्ट लावा.